साताऱ्यातल्या इतिहासाच्या बाई आणि जर्सीतली यूएस हिस्ट्री वन

जुलै २०२४ मध्ये माझं न्यू जर्सीचं स्टँडर्ड टीचिंग सर्टिफिकेट आलं. आलं म्हणजे ईमेल आली, लॉगिन केलं, पीडीएफ उघडली, झालं. आई फोनवर म्हणाली फ्रेम करून लाव, म्हटलं आधी प्रिंटरमध्ये शाई तर भरू दे. २०२१ च्या जानेवारीत सुरू केलेलं प्रकरण एकदाचं मिटलं. मधल्या काळात इतक्या जणींनी मला "अगं पण तू अमेरिकेचा इतिहास शिकवतेस म्हणजे नक्की कसं?" असं विचारलंय की एकदाच सगळं, परीक्षांपासून शिकवायच्या साधनांपर्यंत, लिहून टाकते. इकडे येऊन घरी बसलेल्या बीएड झालेल्या बायका खूप आहेत, बहुतेक जणी मॅथ्स-सायन्सकडे जातात, इतिहासवाल्या गप्प बसतात, की आपल्या विषयाला इथे कोण विचारतंय.

माझी पार्श्वभूमी सांगते. बीए, एमए इतिहास, बीएड. साताऱ्यात मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला इतिहास-नागरिकशास्त्र. लग्नानंतर इकडे, मग बरीच वर्षं एच-फोर या डिपेंडंट व्हिसावर, ग्रीन कार्ड २०२० च्या शेवटी. मुलगा तेव्हा चौथीत होता, वेळ होता, हिंमत मात्र बेताचीच होती.

पहिली पायरी डिग्रीचं इव्हॅल्युएशन. मी डब्ल्यूईएस या परदेशी डिग्र्या तपासणाऱ्या संस्थेकडून केलं. कोर्स-बाय-कोर्सच करायचं, नुसतं डॉक्युमेंटवालं स्वस्त असतं पण उपयोगाचं नाही, कारण न्यू जर्सीला विषयाचे किमान ३० क्रेडिट्स मोजून दाखवावे लागतात. माझ्या तीन वर्षांच्या बीएला एमएची जोड होती म्हणून ते सहज भरले. खर्च सगळा धरून दोनशे डॉलरच्या थोडा वर. पैसे भरणं सोपं, विद्यापीठातून मार्कलिस्ट सीलबंद पाकिटात निघणं अवघड. मामेभाऊ माझा फॉर्म घेऊन खिडक्या फिरला, त्यात कोविडमुळे ऑफिस कधी चालू कधी बंद, मे महिन्यात एकदाचं पाकीट पोचलं. टिप एवढीच की तिकडे जाणाऱ्या माणसाकडे तुमचं अधिकारपत्र, ओळखपत्राची झेरॉक्स आणि जुना पीआरएन नंबर हे तीन कागद एकाच फाइलमध्ये द्या. प्रत्येक खिडकीवर त्यातलं काहीतरी मागतातच.

तोवर मी सब्स्टिट्यूटचं सर्टिफिकेट काढलं, फी १२५ डॉलर, शिवाय बोटांचे ठसे द्यायचे त्याचे सत्तरच्या आसपास. सप्टेंबरपासून बदली शिक्षक म्हणून जायला लागले. पगार नावालाच, पण हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका असं माझं ठाम मत आहे. इथला वर्ग कसा चालतो, पोरं बाथरूमला जायला पास मागतात, फायर ड्रिलला कुठल्या दारातून न्यायचं, क्रोमबुकवर गेम उघडला की काय करायचं, हे कुठल्याही पुस्तकात नाही. आपल्याकडे बाई वर्गात आल्या की उभं राहायची सवय. इथे मी आत गेले तर एकानं नुसती मान वर करून "यू द सब?" विचारलं आणि परत फोनमध्ये.

मग परीक्षा. आधी प्रॅक्सिस कोअर, म्हणजे वाचन, लेखन, गणित. (जून २०२४ मध्ये कायदा झाला, जानेवारी २०२५ पासून ही अट गेली. मी गणिताची उजळणी करून भूमिती पुन्हा शिकले त्याचं आता काय करायचं ते बघू.) खरी परीक्षा सोशल स्टडीजची, माझ्या वेळचा कोड ५०८१, आता कोड बदलले असतील तर आधी बघून घ्या. १३० प्रश्न, दोन तास, सगळे बहुपर्यायी. फी सव्वाशेच्या आसपास. त्यात अमेरिकेचा इतिहास फक्त २० टक्के, जगाचा इतिहास २०, सरकार आणि राज्यघटना २०, मग भूगोल १५, अर्थशास्त्र १५ आणि उरलेले १० टक्के मानसशास्त्र-समाजशास्त्र वगैरे. हे शेवटचं मी कॉलेजलाही कधी घेतलं नव्हतं. लायब्ररीतून प्रॅक्सिसची पुस्तकं आणली, परीक्षा घेणाऱ्या ईटीएसच्या साइटवर स्टडी कम्पॅनियन फुकट आहे तो प्रिंट केला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्यांची पहिली भाषा इंग्लिश नाही त्यांना अर्ज केला तर दीडपट वेळ मिळतो. हे मला सबिंग करताना स्टाफरूममध्ये एका स्पॅनिशच्या शिक्षिकेनं सांगितलं. अर्ज आधी मंजूर करून घ्यावा लागतो, त्यानंतरच तारीख बुक करता येते, त्यामुळे दीड-दोन महिने हातात ठेवा.

सनावळ्यांची मला जास्त धास्ती होती, पण त्यातच गंमत सापडली. आपल्याकडच्या सनावळ्या आपल्या हाडात असतात, मी त्यांनाच अमेरिकेच्या घटना लटकवल्या. १७६५ म्हणजे बंगालची दिवाणी, तेच अमेरिकन वसाहतींवर कर लादणाऱ्या स्टॅम्प ॲक्टचं साल. १७७३ चा रेग्युलेटिंग ॲक्ट आणि बोस्टनच्या बंदरात फेकलेला चहा, दोन्हीकडे तीच कर्जात बुडालेली ईस्ट इंडिया कंपनी. १८४८ ला भिडेवाड्यात मुलींची शाळा आणि तिकडे न्यूयॉर्क राज्यात सेनेका फॉल्सला बायकांच्या हक्कांची परिषद. १८५७ म्हटलं की आपल्याला उठावच आठवणार, पण ड्रेड स्कॉटचा निकालही त्याच वर्षी, काळ्या माणसाला नागरिकत्वच नाही असं सांगणारा. आणि कॉर्नवॉलिस! अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात यॉर्कटाउनला १७८१ मध्ये ज्याच्या फौजेनं शस्त्रं खाली ठेवली तोच माणूस पाच वर्षांनी आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला, टिपूशी लढला, बंगालात कायमधारा लावला. मी साताऱ्यात वर्षानुवर्षं कायमधारा पद्धत शिकवली पण हा माणूस आधी कुठे होता हा प्रश्न मला पडला नव्हता, ना पुस्तकाला पडला होता.

नोव्हेंबर २०२१ मध्ये परीक्षा दिली, स्कोअर काही आठवड्यांनी आला, पास. राज्यघटनेचा भाग सगळ्यात कठीण गेला. मार्बरी, मॅककलक (सुप्रीम कोर्टाचे जुने निकाल), फेडरलिस्ट नंबर दहा (राज्यघटनेच्या बाजूनं लिहिलेला लेख), ही नावं इथली पोरं शाळेपासून ऐकतात, आपण तिशी-चाळिशीत पाठ करतो.

यानंतर एक मजेशीर अट. न्यू जर्सीत शिक्षकाला शरीरशास्त्र आणि आरोग्याचं ज्ञान असल्याचं दाखवावं लागतं. कॉलेजात बायोलॉजी वगैरे असेल तर ट्रान्सक्रिप्टवर भागतं, माझ्या ट्रान्सक्रिप्टवर मराठ्यांचा इतिहास, मध्ययुगीन भारत आणि युरोपची क्रांती. मग काउंटी ऑफिसची अपॉइंटमेंट घेऊन तिथे छोटी परीक्षा द्यायची, तंबाखू, दारू, आहार, स्वच्छता असले प्रश्न. फेब्रुवारीच्या थंडीत पार्किंग शोधत गेले, दिली, तिथल्या बाईंनी तिथेच तपासून कागदावर सही केली. नंतर शपथपत्र नोटरी करायचं, ते आपल्या बँकेत बहुतेक फुकट करून देतात. सगळं अपलोड केलं, फी दोनशेच्या आत, आणि मे २०२२ मध्ये सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी आलं. म्हणजे नोकरी शोधायला पात्र. नोकरीची हमी नाही, सोशल स्टडीजला तर अजिबात नाही, एका जागेला ढिगानं अर्ज येतात आणि त्यातले निम्मे फुटबॉल कोचिंग पण करतो म्हणणारे.

मुलाखतीत डेमो लेसन द्यावा लागला. इथे मी ज्या साधनांबद्दल लिहायला बसले त्यांची गोष्ट सुरू होते. स्टॅनफर्डच्या एका गटाचे 'रीडिंग लाइक अ हिस्टोरियन' नावाचे पाठ आहेत (तो गट आता बाहेर पडून डिजिटल इन्क्वायरी ग्रुप झालाय), फुकट, फक्त अकाउंट काढायचं. त्यातला लेक्सिंग्टनचा पाठ मी घेतला. १९ एप्रिल १७७५, स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी कुणी झाडली? एका बाजूला ब्रिटिश अधिकाऱ्याची डायरी, दुसऱ्या बाजूला ३४ मिनिटमेननी, म्हणजे वसाहतीच्या स्वयंसैनिकांनी, आठवड्याच्या आत शपथेवर दिलेली जबानी. दोघंही म्हणतात समोरच्यानं झाडली. पोरांनी ठरवायचं कुणावर विश्वास ठेवायचा आणि का, डायरी स्वतःसाठी लिहिलेली असते म्हणून ती जास्त खरी का, जबानी घाईघाईनं का गोळा केली असेल. वीस मिनिटं मी जवळजवळ काहीच बोलले नाही. साताऱ्यात असा तास घेतला असता तर हेडसरांनी दारातून विचारलं असतं, बाई आज बरं नाही का. इथे नोकरी मिळाली.

सप्टेंबर २०२२, यूएस हिस्ट्री वन, दहावी. न्यू जर्सीत हायस्कूलला अमेरिकन इतिहास दोन वर्षं सक्तीचा, पहिल्या वर्षी वसाहतींपासून रिकन्स्ट्रक्शनपर्यंत, म्हणजे यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेपर्यंत. सोबत प्रोव्हिजनल सर्टिफिकेट, मेंटॉर आणि अल्टरनेट रूटचा (इथली शिक्षकाची पदवी नसलेल्यांसाठीचा) कोर्स, एकूण ४०० तास, दोन वर्षं संध्याकाळी आणि काही शनिवारी. कोर्सला चार हजारांच्या घरात गेले, हप्त्यानं भरले. मेंटॉरची फी हजार डॉलर, ती पगारातून कापली जाते. हे कुणी आधी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं, पहिल्या वर्षीच्या पगाराचे हिशेब याप्रमाणे करा.

आता साधनं. पहिला महिना मी वेड्यासारखी सगळं डाउनलोड करत सुटले. लायब्ररी ऑफ काँग्रेस, नॅशनल आर्काइव्ह्जचं डॉक्सटीच, आयसिव्हिक्सचे गेम, गिल्डर लेहरमनचे व्हिडिओ. लॅपटॉपवर फोल्डरच्या आत फोल्डर. मेंटॉर वीसेक वर्षं शिकवणारी बाई, तिनं एक दिवस बघितलं आणि म्हणाली, एका युनिटला एक चित्र आणि दोन कागद, त्यापेक्षा जास्त आणलंस तर मी काढून घेईन. हा मला मिळालेला सगळ्यात कामाचा सल्ला. तेव्हापासून मी लायब्ररी ऑफ काँग्रेसची ती तीन रकान्यांची पद्धत वापरते, काय दिसतं, त्यावरून काय वाटतं, काय विचारावंसं वाटतं. कोरा कागद, दोन उभ्या रेघा, बाकी काही लागत नाही. पोरं आधी दुसऱ्या रकान्यात उडी मारतात, त्यांना ओढून पहिल्यात आणावं लागतं, "तो दुःखी आहे" हे दिसत नाही रे बाबा, तुला त्याचे हात दिसतायत, हातांबद्दल लिही.

गिल्डर लेहरमन इन्स्टिट्यूटला शाळा ॲफिलिएट करता येते, एका शिक्षकानं फॉर्म भरला की झालं, पैसे नाहीत. त्यावर त्यांचा बराच संग्रह उघडतो आणि घरबसल्या करायचे कोर्स असतात, ते वर्षाला लागणाऱ्या वीस तासांच्या पीडीत, म्हणजे शिक्षक प्रशिक्षणात, धरले जातात, पण आधी सुपरवायझरला विचारून घ्या. उन्हाळ्यातल्या नॅशनल एंडाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीजच्या लँडमार्क्स कार्यशाळांना पण मी मार्च २०२३ मध्ये अर्ज केला होता. आठवडाभर ऐतिहासिक जागी राहून शिकायचं, उलट तेव्हा तुम्हालाच १३०० डॉलर स्टायपेंड मिळायचा, अर्थात त्यावर टॅक्स. नागरिक असायची गरज नव्हती, तीन वर्षं इथे राहिलेलं असलं तरी चालायचं. निवड झाली नाही, पण तो निबंध लिहिताना मी कशासाठी शिकवतेय ते मलाच कागदावर मांडावं लागलं. त्या उन्हाळ्यात मग मी नवऱ्याला आणि पोराला घेऊन पॅटरसनचा धबधबा बघून आले. तासाभराच्या अंतरावर, १७९१ मध्ये अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री हॅमिल्टन यानं कारखान्यांचं शहर वसवायला ज्या कंपनीला पाठबळ दिलं ती इथलीच, आणि १९१३ चा रेशीम कामगारांचा मोठा संप पण इथलाच. नॅशनल पार्कचे रेंजर शिक्षक म्हटल्यावर खूप वेळ देतात, त्यांना विचारा.

गुलामगिरीचं युनिट सुरू करायच्या आधी मला झोप येत नव्हती. वर्गात काळी मुलं आहेत, गोरी आहेत, आपली आहेत, आणि समोर मी, माझ्या उच्चारांसकट. लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे १९३० च्या दशकात सरकारी प्रकल्पात नोंदवलेल्या २३०० हून जास्त मुलाखती आहेत, जे स्वतः गुलाम म्हणून जन्मले त्यांच्या. वाचताना अंगावर काटा येतो. पण विचारणारे बहुतेक गोरे, सांगणारे ऐंशी-नव्वदीचे, मंदीचा काळ, कदाचित सरकारी पेन्शनची आशा, मग कुणासमोर कोण किती बोलणार, हे पोरांनीच शोधायचं. शिवाय त्यात आज वर्गात उच्चारू नयेत असे शब्द आहेत आणि बोलीभाषेची नक्कल आहे. मेंटॉरनं बजावलं होतं, मोठ्यानं वाचून घेऊ नकोस, शांतपणे वाचू दे, आणि उतारे आठवडाभर आधी सुपरवायझरला पाठव. दोन्ही तंतोतंत पाळलं. न्यू जर्सीत २००२ चा अमिस्टॅड कायदा आहे, आफ्रिकन अमेरिकन इतिहास शिकवणं बंधनकारक आहे, त्यामुळे पालकांचा प्रश्न आला तर पाठीशी काहीतरी असतं.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे मार्च २०२४ मध्ये, रिकन्स्ट्रक्शनला मी माझा स्वतःचा कागद आणला. 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका. १८७३ साली पुण्यात बसून जोतीराव फुल्यांनी ते पुस्तक अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, त्यांनी गुलामांना मुक्त केलं म्हणून, आणि माझ्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवून आपल्या शूद्र बांधवांना सोडवावं अशी इच्छा व्यक्त केली. अर्पणपत्रिका इंग्लिशमध्येच आहे, भाषांतराची भानगड नाही. दुसरा कागद त्याच वर्षाचा, लुइझियानातलं कोलफॅक्स, एप्रिल १८७३, ईस्टरचा रविवार. निवडणुकीच्या वादात कोर्टहाउस धरून बसलेल्या काळ्या माणसांना गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीनं मारलं, कित्येकांना शरण आल्यावर. किती मेले तो आकडा आजही वेगवेगळा सांगतात. आणि चित्र म्हणून तिथल्या पाटीचा फोटो, १९५० साली लावलेली, त्या घटनेला रायट म्हणणारी, २०२१ मध्ये काढली.

तास अर्धा झाला असेल, घानाहून आलेल्या घरातली एक मुलगी आहे, ती म्हणाली, मिस, या माणसाला एप्रिलमधलं माहीत होतं का? मी काही बोलायच्या आत दुसरा म्हणाला, इंडियात बातमी पोचायला किती दिवस लागायचे? मग मी फळ्यावर नकाशा काढला. अटलांटिकखालची तार १८६६ ची, मुंबईपर्यंतची १८७० ची, म्हणजे बातमी पोचू शकत होती. पण कुठली बातमी पोचते हे कोण ठरवतं? तिथून चर्चा मिशनऱ्यांवर आली. अमेरिकन मराठी मिशन १८१३ पासून मुंबईत, पुढे नगरला, नगरला सिंथिया फॅरारबाईंची शाळा, जोतीराव ती बघून आले, सावित्रीबाई त्यांच्याकडे शिकवायला शिकल्या. मिशनरींकडून ऐकलेली अमेरिका आणि कोलफॅक्सची अमेरिका. एक मुलगा म्हणाला, माहीत असतं तरी त्यानं हेच लिहिलं असतं, तो आपल्याशी बोलतच नाहीये, त्याच्या लोकांना लाजवतोय. घंटा झाली तरी दोघं-तिघं उठले नाहीत. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत फुल्यांवर इतकी चांगली चर्चा साताऱ्यात झाली नव्हती, हे लिहिताना थोडं वाईट वाटतंय पण खरं आहे.

आपल्याकडच्या काही मुलांनी घरी जाऊन विचारलं असणार. दोन दिवसांनी एका आईची ईमेल आली, विषयात नुसतं 'फुले', मला धस्स झालं, उघडली तर तिला ते पान हवं होतं. समग्र वाङ्मयाच्या स्कॅनमधून पाठवून दिलं. सुपरवायझरला पुन्हा आधीच दाखवलं होतं, ही सवय सोडू नका.

त्यानंतर सप्टेंबर २०२४ पासून यूएस हिस्ट्री टू मिळालं, रिकन्स्ट्रक्शननंतरचं सगळं. राज्यानं जानेवारी २०२२ मध्ये आशियाई अमेरिकन इतिहास शिकवायचा कायदा केलाय आणि शिक्षक साधनं शोधत फिरतायत, तर नावं देऊन ठेवते. फिलाडेल्फियातलं साउथ एशियन अमेरिकन डिजिटल आर्काइव्ह, सगळं ऑनलाइन. भगतसिंग थिंडचा १९२३ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात असलेल्या माणसाला तू गोरा नाहीस म्हणून नागरिकत्व नाकारलं. डॉ. आंबेडकर आणि काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांचा १९४६ चा पत्रव्यवहार, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्टच्या संग्रहात, स्कॅन फुकट आणि पत्रं इतकी छोटी की एका तासात होतात. आणि आनंदीबाई जोशींचा १८८५ चा फोटो, ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात, शेजारी जपानची केई ओकामी आणि दमास्कसची साबात इस्लामबुली. आनंदीबाई इकडे आल्यावर आधी आमच्याच जर्सीत, रोझेलला राहिल्या होत्या. पहिल्या आठवड्यासाठी हाच फोटो ठरवला, नावं झाकून, तीन रकाने आखून. कलर प्रिंट शाळेत मोजून मिळतात, म्हणून स्टेपल्समधून करून लॅमिनेट करून आणल्या, पावती जपून ठेवा, शिक्षकांना असा खर्च (२०२४ मध्ये वर्षाला तीनशे डॉलरपर्यंत) टॅक्समध्ये दाखवता येतो.